रजिस्ट्रीतला कचरा काढताना

हॉस्टेलवर ज्याला कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं असा लोकांचा समज असतो, त्याच्या दारावर रात्री अकरानंतर टकटक होतेच. "अरे, लॅपटॉप लई स्लो झालाय, जरा रजिस्ट्री क्लीन करून दे ना." गेल्या तीन वर्षांत ही फर्माईश मी इतक्यांदा ऐकली आहे की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. मित्रांनो, रजिस्ट्रीतल्या उरल्यासुरल्या नोंदी काढता येतात, कधीकधी काढाव्याच लागतात. पण ज्या कारणासाठी बहुतेक जण माझ्याकडे येतात ते कारण नव्वद टक्के वेळा चुकीचं असतं. आणि ज्याला फारसं कळत नाही त्याच्यापेक्षा ज्याला अर्धवट कळतं त्याच्या हातून जास्त नुकसान होतं. हे मी स्वतःवरून सांगतोय. रूममेटचा लॅपटॉप त्याच्या प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री मीच झोपवला होता. ती हकिकत पुढे येईलच.

(एक सूचना. की आणि व्हॅल्यूंची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती अर्थातच इंग्रजीत दिसतील.)

आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते पाहू. पूर्वी विंडोजवरचे प्रोग्राम आपली सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फायलींत ठेवायचे. विन डॉट आयएनआय आणि सिस्टिम डॉट आयएनआय या त्यातल्या दोन प्रसिद्ध फायली. कुठली फाइल कुठे आहे, कुणी बदलली, काही पत्ता नसायचा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री नावाची एक छोटी गोष्ट आली, पण तिचं काम मुख्यतः कुठली फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडायची एवढंच होतं. विंडोज ९५ पासून मात्र सगळा कारभार तिच्याकडे गेला. हार्डवेअर, ड्रायव्हर, युजर, प्रोग्राम, सगळ्यांची नोंद एका जागी.

आपल्या भाषेत सांगायचं तर रजिस्ट्री म्हणजे रेक्टर ऑफिसमधलं मोठं रजिस्टर. कोण कुठल्या खोलीत, मेस कुणाची चालू, कुठल्या खोलीची किल्ली कुणाकडे. आता समजा एक मुलगा पास होऊन निघून गेला आणि त्याचं नाव रजिस्टरमध्ये राहून गेलं. त्याने मेसचा स्वयंपाक उशिरा होतो का? नाही. ते नाव दहा वर्षं तिथे पडून राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण रजिस्टरमध्ये "टीटी रूमची किल्ली अमुककडे" असं लिहिलंय आणि अमुक निघून गेलाय, तर मात्र टीटी रूम उघडणार नाही. उरलेल्या नोंदींचे हे दोन प्रकार नीट लक्षात ठेवा. सगळा लेख याच फरकावर उभा आहे.

रजिस्ट्री एडिटर उघडला (विंडोज की आणि आर दाबून रेगएडिट टाइप करा) की डाव्या बाजूला पाच फांद्या दिसतात. त्या खऱ्या अर्थाने पाच नाहीत. एचकी लोकल मशीन ही संपूर्ण मशीनची फांदी आणि एचकी युजर्स ही वापरणाऱ्यांची. एचकी करंट युजर म्हणजे युजर्समधलीच, सध्या लॉगिन केलेल्या माणसाची फांदी वेगळ्या दारातून दिसते. क्लासेस रूट हे मशीन आणि युजर या दोघांच्या क्लासेसचं एकत्र केलेलं चित्र. म्हणजे एका ठिकाणी डिलीट केलेली नोंद दुसऱ्या ठिकाणाहूनही गायब होते, कारण ती मुळात एकच असते. पहिल्यांदा मला वाटलं होतं की दोन कॉपी आहेत, एक उडवली तरी दुसरी राहील. तसं नाही.

डाव्या बाजूला फोल्डरसारखं दिसतं ती की, उजवीकडच्या नोंदी त्या व्हॅल्यू. डिस्कवर हे सगळं विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ च्या कॉन्फिग फोल्डरमध्ये सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी अशा बिन-एक्स्टेंशनच्या फायलींत असतं. आपली वैयक्तिक नोंद आपल्या युजर फोल्डरमध्ये एनटीयुजर डॉट डॅट या लपवलेल्या फायलीत. या फायलींना हाइव्ह म्हणतात. पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून नावं सांगून ठेवली.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रेगएडिटमध्ये सेव्ह नाही आणि अनडूही नाही. एंटर मारला की झालं. वर्डची सवय असलेला माणूस इथेच फसतो.

कचरा राहतो तरी का?

प्रोग्राम अनइन्स्टॉल केल्यावर नोंदी राहतात याचं पहिलं कारण म्हणजे अनेकदा त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. उद्या तुम्ही तोच प्रोग्राम परत टाकला तर तुमची सेटिंग्ज मिळावीत म्हणून, किंवा ट्रायल संपल्याचं लक्षात राहावं म्हणून. (ट्रायल परत सुरू करण्यासाठी कुठली की उडवायची हे विचारायला माझ्याकडे येऊ नये.) दुसरं कारण म्हणजे वाटून वापरलेल्या डीएलएल फायली. एकच डीएलएल तीन प्रोग्राम वापरत असतील तर शेअर्ड डीएलएल्स नावाच्या की मध्ये तिचा आकडा तीन असतो. एक प्रोग्राम गेला की आकडा दोन व्हायचा, शून्य झाला की फाइल काढायची. कुणीतरी मोजायला चुकतो आणि नोंद लटकत राहते. तिसरं कारण आळशी प्रोग्रामर. चौथं कारण आपण स्वतः! जागा हवी म्हणून प्रोग्राम फाइल्समधलं आख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट करणारे किमान चार जण माझ्या विंगमध्येच आहेत. फोल्डर गेलं, अनइन्स्टॉलरही त्याच्यासोबत गेला, आणि नोंदी बसल्या वाट बघत.

आता वेगाचा प्रश्न. समजा हजार बेवारस नोंदी आहेत आणि एकेक दोनशे बाइटची. झाले दोन लाख बाइट, म्हणजे दोनशे केबीच्या आसपास. एकटी सॉफ्टवेअर हाइव्हच अनेकदा पन्नास एमबीच्या वर असते. शिवाय विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. प्रोग्राम पत्ता देतो आणि विंडोज झाडाच्या फांदीवरून थेट तिथे जातं. ज्या पत्त्यावर कुणी जातच नाही तिथे काय पडलंय याने वेळेत फरक पडत नाही. हजार नोंदी काढून लॅपटॉप फास्ट झाला असं वाटलं तर समजा की क्लीनरने मध्ये रीस्टार्ट करायला लावलं होतं.

मग ही समजूत आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही. विंडोज ९५-९८ च्या काळात मशीनला ३२ एमबी रॅम म्हणजे चैन होती, आणि रजिस्ट्री फुगलेली असली की जाणवायचं. विंडोज ९८ मध्ये स्कॅनरेग नावाची कमांडच होती. ती रोज रजिस्ट्रीची कॉपी काढायची, शेवटच्या पाच कॉप्या ठेवायची आणि सांगितलं तर रजिस्ट्री आवळूनही द्यायची. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाही रेगक्लीन नावाचा प्रोग्राम होता, तो त्यांनी पुढे मागे घेतला. आज कंपनीची भूमिका अशी की रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही. काळ गेला, समजूत राहिली. तीही एक उरलेली नोंदच म्हणायची.

लॅपटॉप स्लो असेल तर आधी बघा की जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे का, रॅम चार जीबीच आहे का, सी ड्राइव्ह लाल झालाय का, आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये किती जणांनी ठाण मांडलंय. तिथेच निकाल लागतो. रजिस्ट्रीपर्यंत जावंच लागत नाही.

तयार क्लीनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कुठलाही क्लीनर "ही फाइल सापडत नाही, म्हणून ही नोंद खोटी" एवढंच पाहतो. पण त्या वेळी काढून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर फाइल असेल तर? नाव विशिष्ट पद्धतीने लिहिलेलं असल्यामुळे क्लीनरला पत्ता लागला नसेल तर? हजारातल्या ९९९ नोंदी काढून फायदा शून्य, आणि एक चुकीची काढली तर तोटा पूर्ण. हा सौदा कुणी करावा? शिवाय अशा प्रोग्रामला आपण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार देतो. सप्टेंबर २०१७ मध्ये उघडकीस आलं की सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं, आणि २२ लाखांहून जास्त मशीनवर ती आवृत्ती गेली होती. प्रोग्राम नावाजलेला होता, डाउनलोड अधिकृत होतं.

एका अक्षराची गोष्ट

आता ती हकिकत. रूममेटकडे त्याच्या दादाचा जुना लॅपटॉप होता, डीव्हीडी ड्राइव्हवाला. प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाउंड कॉपीसोबत सीडी द्यायची होती. त्याने दोन दिवस आधी सीडी बर्न करायचं एक जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं, आणि त्यानंतर माय कॉम्प्युटरमधून डीव्हीडी ड्राइव्हच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर खराब आहे किंवा सापडत नाही.

हा उरलेल्या नोंदीचा खराखुरा, किल्लीवाला प्रकार. विंडोजमध्ये प्रत्येक प्रकारच्या उपकरणाला एक क्लास असतो, आणि त्या क्लासच्या की मध्ये अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन व्हॅल्यू असू शकतात. त्यात लिहिलेले ड्रायव्हर मुख्य ड्रायव्हरच्या वर-खाली बसतात, म्हणजे उपकरणाकडे जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्यामधून जाते. बर्निंग सॉफ्टवेअरने आपला एक फिल्टर तिथे बसवला होता. सॉफ्टवेअर गेलं, फिल्टरची फाइल गेली, पण यादीत नाव राहिलं. विंडोज डीव्हीडी ड्राइव्ह सुरू करताना यादी वाचतं, त्या नावाचा ड्रायव्हर मागतं, तो मिळत नाही, म्हणून ड्राइव्हच सुरू करत नाही.

उपाय सगळ्यांना पाठ असतो: अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स डिलीट करा, रीस्टार्ट करा. मलाही पाठ होता. लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास. तिथे कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या पन्नासेक की दिसतात. सीडी ड्राइव्हची की ४डी३६ई९६५ ने सुरू होते. कीबोर्डची ४डी३६ई९६बी ने. माउसची ४डी३६ई९६एफ ने. पुढचा सगळा भाग तिन्हींचा सारखाच. रात्रीचा दीड वाजला होता, मी चहा पिऊन आलो होतो, आणि मी कीबोर्डच्या की मधलं अपरफिल्टर्स डिलीट केलं.

त्या व्हॅल्यूमध्ये केबीडीक्लास एवढा एकच शब्द असतो. तो विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड क्लास ड्रायव्हर. डिलीट केल्यावर लगेच काहीच झालं नाही, कीबोर्ड चालू होता. रीस्टार्ट केल्यावर लॉगिन स्क्रीन आली, पासवर्ड टाकायला गेलो तर एकही बटण उमटेना. यूएसबी कीबोर्ड आणून लावला, तोही मेलेला. रूममेट काही बोलला नाही. तो नुसता बघत होता, ते जास्त वाईट होतं.

शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणाला, कीबोर्ड गेला, सकाळी दुकानात ने. तेव्हा सुचलं की बंद करून चालू करताना एफ२ दाबून बघावं. बायोस उघडलं! बायोसमध्ये बाणाची बटणं मस्त चालत होती. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आहे, फक्त या विंडोजच्या रजिस्टरमधून त्याचं नाव मी खोडलंय. हार्डवेअर की सॉफ्टवेअर ठरवायची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. दुकानात जाण्याआधी करून बघत जा.

टचपॅड चालत होतं. लॉगिन स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात इझ ऑफ अ‍ॅक्सेसचं चिन्ह असतं (विंडोज ११ मध्ये त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणतात). त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहे. हा कीबोर्ड हार्डवेअरच्या वाटेने येत नाही, म्हणून तो चालतो. एकेक अक्षर टिचकी मारून पासवर्ड टाकला, रेगएडिट उघडलं, कीबोर्डच्या की मध्ये नवीन मल्टी-स्ट्रिंग व्हॅल्यू तयार केली, नाव अपरफिल्टर्स, आत केबीडीक्लास. व्हॅल्यूचा प्रकार महत्त्वाचा. साधी स्ट्रिंग करून चालत नाही. रीस्टार्ट. कीबोर्ड परत आला.

मग सीडीचं काम, या वेळी डोळे उघडे ठेवून. प्रत्येक क्लासच्या की मध्ये उजवीकडे क्लास नावाची व्हॅल्यू असते आणि त्यात चक्क सीडीरॉम, कीबोर्ड, माउस असं लिहिलेलं असतं. आधी तेवढं वाचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. सीडीरॉमच्या लोअरफिल्टर्समध्ये एक अनोळखी नाव होतं. तेच नाव करंटकंट्रोलसेटच्या सर्व्हिसेस की मध्ये शोधलं, नव्हतं. म्हणजे हा निघून गेलेला पाहुणा. मी आख्खी व्हॅल्यू नाही, फक्त ती ओळ काढली, कारण त्याच यादीत एखाद्या चालू प्रोग्रामचा फिल्टरही असू शकतो. ड्राइव्ह दिसू लागला. सीडी साडेचारला बर्न झाली.

यातली भीतीदायक गोष्ट मला नंतर कळली. हाच घोळ डिस्कच्या क्लासमध्ये केला असता तर विंडोज बूटच झालं नसतं, आणि ऑन-स्क्रीन कीबोर्डची वाट मिळाली नसती.

मग करायचं कसं?

पहिलं म्हणजे कारण असल्याशिवाय आत शिरायचं नाही. एखादा एरर येतोय, काढलेला प्रोग्राम यादीत दिसतोय, सुरू होताना "फाइल सापडत नाही" असा डबा येतोय, उपकरण चालत नाहीये, तर ठीक. "सहज साफसफाई" हे कारण नाही.

दुसरं, रिस्टोर पॉइंट. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोर पॉइंट टाइप करा. विंडोज १० आणि ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बंदच असतं, ते आधी चालू करा आणि मग पॉइंट तयार करा. त्याच्या भरवशावर असाल तर तो खरंच तयार झालाय का ते बघा. पूर्वी विंडोज दर काही दिवसांनी रजिस्ट्रीची कॉपी रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप ठेवायचं. जुनी पुस्तकं आजही तिकडे बोट दाखवतात. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते बंद आहे. फोल्डर आहे, फायलींची नावंही दिसतात, साइझ शून्य. वेळ आल्यावर हा शोध लागणं फार वाईट.

तिसरं, जी की बदलणार तिच्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट. फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, कारण डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल मशीन चालू न झाल्यास काय कामाची? ही फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये वाचता येते. एक मेख लक्षात घ्या: ती परत इम्पोर्ट केली की जुन्या नोंदी परत येतात, पण मध्यंतरी नव्याने घातलेल्या नोंदी जात नाहीत. ती मिसळते, पुसत नाही. आणि रेग फाइलवर डबल क्लिक म्हणजे उघडणं नव्हे, इम्पोर्ट करणं. मित्राने पाठवलेली "स्पीड वाढवणारी" रेग फाइल आधी नोटपॅडमध्ये वाचा. कंसातल्या नावाआधी उणे चिन्ह दिसलं तर ती आख्खी की उडवणार आहे.

चौथं, डिलीट करण्याआधी निकामी करून बघा. की असेल तर तिचं नाव बदला, मागे जुनं असं काहीतरी जोडा. ज्याला ती हवी असेल त्याला ती मिळणार नाही आणि तो लगेच बोंब मारेल. आठवडाभर कुणी बोंबललं नाही तर काढा. सर्व्हिस असेल तर तिच्या स्टार्ट व्हॅल्यूत ४ घाला, ४ म्हणजे बंद. (० आणि १ लिहिलेल्या सर्व्हिसेस बूट होतानाच लागणाऱ्या असतात. त्यांना हात नको.) सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींसाठी तर रेगएडिटपेक्षा ऑटोरन्स बरं. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं हे टूल, मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २००६ मध्ये घेतली. ज्यांची फाइल सापडत नाही त्या नोंदी ते पिवळ्या दाखवतं, आणि टिक काढली की नोंद फक्त बंद होते, परत टिक केली की चालू.

काढलेला प्रोग्राम यादीत दिसत असेल तर लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल इथे जा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामच्या नोंदी सॉफ्टवेअरखालच्या वॉव६४३२नोड मध्ये असतात, तिथेही बघा, आणि करंट युजरमध्येही. डिस्प्लेनेम वाचून खात्री करा, अनइन्स्टॉलस्ट्रिंगमधली फाइल खरंच नाही ना ते डिस्कवर बघा, एक्सपोर्ट करा, मग ती एकच की काढा. इथे नाव बदलण्याची युक्ती चालत नाही, कारण यादी डिस्प्लेनेमवरून बनते.

सर्वांत धोकादायक सवय म्हणजे कंट्रोल-एफ ने प्रोग्रामचं नाव शोधायचं आणि एफ३, डिलीट, एफ३, डिलीट असा सपाटा लावायचा. एरेस नावाचा एक फाइल शेअरिंग प्रोग्राम असायचा. त्याचं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे शेअर्स या शब्दातली शेवटची चार अक्षरं, आणि शेअर्स नावाच्या की मध्ये तुमची शेअर केलेली फोल्डर्स असतात. शोधणारा दोन्हीकडे थांबतो, त्याला अर्थ कळत नाही. आणि एखादी की डिलीट होत नाहीये, परवानगी नाही म्हणते, तर ती सूचना समजा. ओनरशिप बदलून जबरदस्तीने उडवण्याची युक्ती मला येते, मी ती वापरत नाही.

इतकं करूनही मशीन बूट झालं नाही तर? दोन-तीनदा अपयश आलं की विंडोजचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट आपोआप येतं. तिथून आधी सिस्टिम रिस्टोर करून बघा. पॉइंटच नसेल तर कमांड प्रॉम्प्टमधून रेगएडिट उघडा. हे रेगएडिट रिकव्हरीच्या स्वतःच्या छोट्या विंडोजची रजिस्ट्री दाखवतं, तुमची नाही. (म्हणूनच माझा मेलेला कीबोर्ड तिथेही चालला असता.) लोकल मशीन निवडून फाइल मेनूतून लोड हाइव्ह, आणि तुमच्या विंडोजच्या कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टिम ही फाइल. ड्राइव्हचं अक्षर इथे सी नसून डी वगैरे असू शकतं. नाव काहीही द्या. आत करंटकंट्रोलसेट सापडणार नाही, घाबरू नका, ते चालू मशीनवरच तयार होतं. सिलेक्ट की मधल्या करंट व्हॅल्यूत १ असेल तर कंट्रोलसेट००१ हा तुमचा संच. चूक दुरुस्त करा, अनलोड हाइव्ह करा, रीस्टार्ट. मात्र डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी आधी ४८ आकडी की मागेल. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ती की आत्ताच लिहून ठेवा, रजिस्ट्रीला हात लावणार नसाल तरीही.

ई अँड टीसी आणि इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचा कचरा वेगळा असतो. अर्डुइनोचा स्वस्त क्लोन बोर्ड लावला की कधी कॉम ५, दुसऱ्या दिवशी कॉम ११, सेमिस्टर संपेपर्यंत कॉम २७. सीएच३४० चिप असलेल्या या बोर्डांना बहुधा स्वतःचा सिरियल नंबर नसतो. त्यामुळे विंडोज त्यांना कुठल्या यूएसबी खाचेत लावलं यावरून ओळखतं. खाच बदलली की नवं उपकरण, नवा कॉम नंबर. दिलेले नंबर कॉम नेम आर्बिटर या की मधल्या कॉमडीबी नावाच्या व्हॅल्यूत एकेका बिटने नोंदलेले असतात, ३२ बाइट, २५६ पोर्ट. जुनी काही सॉफ्टवेअर्स कॉम ९ च्या पुढे मोजतच नाहीत, आणि प्रॅक्टिकलला बोर्ड चांगला असून "पोर्ट नॉट फाउंड" येतं. कॉमडीबी हाताने शून्य करण्याचा सल्ला फिरत असतो. त्याची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हायसेस करा. पोर्ट्सखाली फिकट दिसणारी भुतं एकेक करून अनइन्स्टॉल करा. बहुतेक वेळा नंबर मोकळे होतात. नसतील तर चालू बोर्डाच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे हवा तो नंबर निवडा. "इन यूज" लिहिलेलं असलं तरी ते भूतच असल्याची खात्री असेल तर निवडता येतो. आणि बोर्ड रोज एकाच खाचेत लावा.

लॅबच्या सर-मॅडमना आणि असिस्टंटना एक विनंतीवजा माहिती. कॅडसारखं मोठं सॉफ्टवेअर अर्धवट अनइन्स्टॉल झालं की परत टाकताना "आधीच इन्स्टॉल आहे" म्हणून अडतं, आणि काढायला गेलं तर "मूळ फाइल सापडत नाही" म्हणून अडतं. हा विंडोज इन्स्टॉलरचा हिशोब. तो अनेक की मध्ये विखुरलेला असतो आणि त्यातले ओळखक्रमांक उलटसुलट करून लिहिलेले असतात, हाताने जुळवणं अशक्यप्राय. मायक्रोसॉफ्टने यासाठी दिलेली विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी २०१० मध्ये स्वतःच मागे घेतली, कारण ती दुसऱ्या घटकांचं नुकसान करू शकत होती. आधी त्याच आवृत्तीचा मूळ सेटअप मिळवून रिपेअर करून बघावं, मग अनइन्स्टॉल. बऱ्याच कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी स्वतःचं काढण्याचं टूल देतात, तेही चांगलं. जागा वाचवायला विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर रिकामं करू नये, हा गोंधळ बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. आणि तीस मशीनच्या लॅबमध्ये एका मशीनची रजिस्ट्री दुरुस्त करण्यात दुपार घालवण्यापेक्षा चांगल्या अवस्थेतली इमेज परत टाकणं कधीही स्वस्त पडतं. हॉस्टेलच्या पोरांनी लॅबच्या मशीनवर रेगएडिट उघडूच नये, "अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केले आहे" असं दिसलं तर ते बंदच राहू द्यावं.

माझ्या दारावर टकटक करायला हरकत नाही. येताना चार्जर आणि रिकामा पेन ड्राइव्ह आणा. रात्री दीडनंतर मात्र मी रजिस्ट्रीला हात लावत नाही.